खिडकीवरचा काळा कागद

सरवरीबी भिंगारमध्ये बाळंतिणींना न्हाऊमाखू घालायची. तिच्या हाताला गुण होता, तोंडाला लगाम नव्हता. ती खोलीत शिरली की बाळंतिणीच्या सासूनंसुद्धा मुकाट बाहेर व्हायचं. दारं-खिडक्या बंद. "वारं लागलं तर जन्माचं दुखनं हाय," हा तिचा कायदा. शेकडो पोरं तिच्या पायांवर न्हाऊन निघाली. स्वतःचं एक झालं नाही. नवऱ्यानं दुसरी केली, तेव्हापासून ती एकटीच खोली घेऊन राहायची. त्याबद्दल तिला विचारायची कुणाची टाप नव्हती.

एकाहत्तरच्या नोव्हेंबरअखेर आमच्या मागच्या खोलीतल्या तंगम्माला मुलगी झाली. तंगम्मा केरळची, नवरा फौजेत. पोर चार दिवसांची असताना त्याला सरहद्दीवर धाडलं. तिला मराठी येत नव्हतं, हिंदी मोडकंतोडकं. मीच सरवरीला बोलावलं आणि मोठं पुण्य केल्यासारखी मिरवले.

लढाई पेटली तसे, शत्रूच्या विमानांना उजेड दिसू नये म्हणून सगळ्यांनी खिडक्यांना काळे कागद चिकटवले. पंधरवड्यात लढाई संपली, कागद निघाले. तंगम्माचा मात्र सरवरीनं काढू दिला नाही. "सवा महिना होऊ द्या," म्हणाली. तंगम्मा दिलेला डिंकाचा लाडू खायची, शेगडीपाशी निजायची, पोरीला पाजलं की भिंतीकडे तोंड फिरवायची. "लई शहानी बाई. कुरकुर म्हनून न्हाई," सरवरी कौतुक करायची आणि मी मान डोलवायचे. आम्हा दोघींनाही काडीची अक्कल नव्हती, हे आज कबूल करते.

एका सकाळी पोरीला धुरी देऊन, दुपट्यात गुंडाळून सरवरीनं आईपुढे धरलं. तंगम्मानं हात पुढे केलेच नाहीत.

"तुम ले जाओ," ती म्हणाली. "मेरे पास नहीं. तुम अच्छा अम्मा."

मला वाटलं, थकली असेल. "दुपारपर्यंत ने गं, झोपू दे तिला," मी सरवरीला म्हटलं.

दुपारी सरवरीच्या खोलीवर गेले तर पोर मांडीवर निजलेली, शेजारी बकरीच्या दुधाची वाटी, आणि सरवरी पोरीच्या गालाला काजळाची तीट लावत होती. इतका मऊ चेहरा मी तिचा कधी पाहिला नव्हता.

"आपखुशीनं देतीया तर मी ठिवून घेईन," ती म्हणाली. "इतकी पोरं धुतली, पन आजवर एका आईनं 'घे' म्हटलं न्हाई, बाई."

बोलता बोलता ती थबकली. पोरीकडे बघत राहिली.

"कुनीच म्हनत न्हाई," ती हळूच म्हणाली. "मग हिला काय झालंय? मी कोंडली हिला. अंधारात कोंडली."

पोर उचलून ती तरातरा आमच्याकडे आली. आल्या आल्या तो कागद टराटरा फाडला. तंगम्माला हाताला धरून उन्हात आणलं, ओट्यावर बसवलं, मागे बसून तिच्या केसांना तेल लावू लागली. तंगम्मा रडली आणि तिच्या भाषेत तासभर बोलत राहिली. आम्हाला एक अक्षर कळलं नाही. सरवरी आपली "व्हय गं, व्हय," म्हणत होती.

एका दिवसात काही झालं नाही. जानेवारीभर सरवरी दोन्ही वेळा यायची, सवा महिना उलटून गेला तरी. पोर आधी नुसती आईच्या शेजारी ठेवायची, मग मांडीवर. होळीच्या सुमारास तंगम्मा स्वतः पाय पसरून पोरीला न्हाऊ घालू लागली. उन्हाळ्यात नवरा आला, बदलीचा कागद घेऊनच.

टांगा दारात उभा राहिला. तंगम्मा पोरीला घेऊन बसली. सरवरीनं एकदा घ्यावं म्हणून दोन्ही हात पुढे केले. तंगम्मा हसली, डोळे पुसले तिनं, पण पोरीला छातीशी अधिकच घट्ट धरलं. दिली नाही.

टांगा वळणापलीकडे जाईपर्यंत सरवरीचे हात तसेच होते.

"बरी झाली गं बाई," ती म्हणाली, आणि रिकामे हात पदराला पुसत घराकडे निघाली.