नानाजीभाऊंचं हॉल तिकीट

नानाजीभाऊंचा राग एकाच गोष्टीवर होता, आणि ती गोष्ट दर सोमवारी घडायची. सोमवारी बाजार. जंगलातल्या गावांतली माणसं चारोळी, डिंक, मोहफुलं विकायला यायची आणि आलोच आहोत तर म्हणून आमच्या दवाखान्यातही डोकावायची. धानोऱ्याहून आत जाणाऱ्या रस्त्यावरचा वीस खाटांचा दवाखाना, एका ट्रस्टने चालवलेला. नानाजीभाऊ तिथे अठ्ठावीस वर्षं रेकॉर्ड रूम सांभाळत होते. बी.एस्सी. झाल्यावर मी त्यांच्या हाताखाली लागले, तेव्हा पहिल्याच सोमवारी हा तमाशा मला पाहायला मिळाला.

कलाबाई नावाची एक म्हातारी आली. कमरेचा बांबूचा पोंगा काढून तिने त्यातून गुंडाळी केलेला केसपेपर बाहेर काढला. चुलीच्या धुराने तो चहाच्या रंगाचा झाला होता.

"हा पोचूचा कागद हाय," नानाजीभाऊ म्हणाले. पोचू म्हणजे तिचा दीर. "तुमचा कुठी हाय?"

"हाच."

"बाई, हा तुमच्या दिराचा हाय ना."

"यानं तो बरा झाला," कलाबाई शांतपणे म्हणाली. "मले ताप हाय. मलेबी याच्यावरच लिहून दे."

त्या एका कागदावर पोचूचा मलेरिया होता, कलाबाईच्या सुनेचं बाळंतपण होतं आणि नातवाचा भाजलेला पाय होता. घरातलं कोणी आजारी पडलं, की ज्या कागदाने आधीचा माणूस बरा झाला तोच घेऊन यायचं, हा त्या गावांचा रिवाज. नानाजीभाऊंनी कोरा केसपेपर पुढे केला. कलाबाईने त्याला बोटही लावलं नाही.

"हिल्ले," ती गोंडीत म्हणाली. हिल्ले म्हणजे नाही. "नव्या कागदानं कोणी बरं झालं काय अजून?"

यावर नानाजीभाऊ जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण बोलून झाल्यावर ते चार कोरे कागद घेऊन तिच्याजवळ पायरीवर बसले. ताप कोणत्या पंडुमच्या, म्हणजे सणाच्या, आधी आला? सून तेव्हा माहेरी होती का? पाय भाजला तो पोरगा मोठीचा की धाकटीचा? असं विचारत विचारत त्यांनी एका कागदातून चार माणसं वेगळी काढली. कलाबाईचं मन राखायला जुना कागदही तिच्या नव्या कागदाला टाचून दिला. माणूस बरा होऊन गेला की ते त्याच्या कागदाखाली लाल शाईने 'बरे' एवढंच लिहीत, आणि तो शब्द दुसऱ्या कोणाला लिहू देत नसत.

मला हसू यायचं, खोटं कशाला सांगू. मी कॉम्प्युटर शिकलेली, आणि इथे गठ्ठे लावलेले गावांच्या नावाने. एका गावात दोन सुकलू निघाले, तर हा सुकलू सहा देवांचा आणि तो सात देवांचा, असं गोंडांच्या कुळावरून वेगळं करायचं. वय विचारलं की लोक सांगणार, रस्ता झाला तेव्हा मी गुरं राखत होतो. नानाजीभाऊ मनात हिशेब करून वय लिहीत आणि ते दोन वर्षांपेक्षा जास्त चुकत नसे. स्वतः जेमतेम दहावी. धानाच्या शेतीतून उठून दवाखान्यात झाडूपोछ्याला आले आणि अक्षर चांगलं म्हणून कागदांपाशी बसवले गेले, ते तिथलेच झाले.

दोन वर्षांनी ट्रस्टचं पत्र आलं. डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांना बोलावून वाचून दाखवलं. यापुढे रेकॉर्ड सर्टिफिकेटवाल्या माणसाच्याच ताब्यात राहणार. नानाजीभाऊ दीड वर्षाने निवृत्त होतील, तोपर्यंत तसा माणूस तयार झाला नाही, तर सगळे कागद नागपूरच्या एका कंपनीकडे जातील. ती स्कॅन करेल आणि गठ्ठे रद्दीत घालेल.

"मंग तो टाचलेला कागद धरून कलाबाई एकटीच राहीन कॉम्प्युटरमंदी," नानाजीभाऊ म्हणाले. "मलेरियाबी तिलेच, बाळंतपणबी तिलेच. अन् रक्ताचा गट दिराचा. कोणी तेच रक्त चढवलं म्हंजे?"

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मला कळत होतं त्यांना काय म्हणायचंय, आणि मला त्याचा रागच आला. मला मेडिकल कोडिंग करायचं होतं. माझ्या वर्गातल्या दोघी त्यातून हैदराबादला लागल्या होत्या. डॉक्टरांनी लिहिलेल्या आजाराला आणि उपचाराला ठरलेला नंबर द्यायचा, विम्याची बिलं त्यावर चालतात. नोकरीच्या जोडीने वर्षभरात एकच अभ्यास झाला असता. म्हातारा निवृत्त होतो म्हणून मी का अडकून पडावं, असं मी घरी आईला बोलूनही दाखवलं.

नानाजीभाऊंनी मात्र सगळ्या कोर्सची माहिती मला छापून आणायला लावली आणि प्रत्येक कागदाला केसपेपरसारखा क्रमांक घातला. मग जेवणाच्या सुट्टीत एकेका ठिकाणी फोन. विचारायचे एवढंच, "शिकवता तुमी, मंग परीक्षा कोण घेते?" पंचेचाळीस दिवसांत शंभर टक्के नोकरीची हमी देणाऱ्या एका क्लासवाल्याने आनंदाने सांगितलं, परीक्षा आम्हीच घेतो, सर्टिफिकेट आम्हीच देतो.

"शंकरपटात बैलबी त्याचेच अन् घड्याळबी त्याचंच," असं म्हणून त्यांनी तो कागद फाडला. शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलांची शर्यत.

उरले तीन. नागपूरचा दोन वर्षांचा डिप्लोमा रोज हजेरीचा होता, तो गेला. मग राहिली कोडिंगची परीक्षा आणि रेकॉर्ड ठेवण्याचं एक वर्षाचं सर्टिफिकेट. हे दुसरं नोकरी करणाऱ्यांसाठी होतं, दहा वर्षांचा अनुभव असेल तर दहावी पासही चालत होता आणि पेपर हिंदीत लिहिता येत होता. कोडिंगचं नमुन्याचं पुस्तक मी त्यांना दाखवलं. सिकलसेलला डी सत्तावन्न, हे त्यांना फार आवडलं. गावागावातून येणारा हा आजार, जगभर त्याला एकच नंबर. मग त्यांनी विचारलं, "अन् गाव कुठी लिव्हाचं?"

"गाव नाई लिहित याच्यात, भाऊ."

"बरं," ते म्हणाले आणि बराच वेळ पुस्तक चाळत बसले.

दोन दिवसांनी त्यांनी माझ्यापुढे दोन फॉर्म ठेवले. त्यांच्या सुरेख अक्षरात दोन्ही भरलेले. कोडिंगच्या फॉर्मवर माझं नाव होतं, रेकॉर्डच्या फॉर्मवर त्यांचं.

"तुह्या हाताले घाई हाय, डोकंबी तेज हाय. नंबराचं काम तुले जमन. माह्या कागदाईचं मी पाहतो."

"भाऊ, तुमी अठ्ठावन्न वर्साचे हा."

"मले माहीत हाय. माह्या कागदावर लिहून हाय."

मी सही केली. आजही ती सही आठवली की लाज वाटते, कारण किती झटकन केली मी.

मी नागपूरला क्लासला गेले. रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा आणि मी त्यांना कॉम्प्युटरचा धडा समजावायची. फाइल म्हणजे काय, फोल्डर म्हणजे काय. "म्हंजे गठ्ठा," ते म्हणायचे. "गठ्ठा म्हण ना सरळ." पहिल्या वेळी त्याच पेपरात ते नापास झाले. कळवायला फोन केला तेव्हा आवाज इतका लहान झाला होता की मी ओळखलाच नाही. पण दोन महिन्यांनी पुन्हा एस.टी.ने गडचिरोलीवरून नागपूरला आले आणि परीक्षा देऊन त्याच दिवशी परत गेले. पास झाले. निवृत्तीला चार महिने उरले होते. ट्रस्टने त्यांना आणखी दोन वर्षं ठेवून घेतलं. त्यांच्यामागे रेकॉर्ड सांभाळायला दुसरा सर्टिफिकेटवाला माणूस तेवढ्यात तयार करायचा, या अटीवर.

आणि इकडे मी नापास. घाई आणि तेज डोकं, दोन्ही कामी आलं नाही. पुस्तकं उघडी ठेवून द्यायची परीक्षा, चार तासांत शंभर प्रश्न, सत्तरला पास. मला सहासष्ट. मी सामान बांधून घरी आले आणि ठरवलं, झालं एवढं पुष्कळ. नानाजीभाऊंना तेच सांगायला मी दवाखान्यात गेले.

त्यांनी ऐकून घेतलं. रागावतील म्हणून मी तयार होते. ते उठले, धानोऱ्याचा गठ्ठा सोडला आणि त्यातून एक कागद काढला. त्यांचं हॉल तिकीट. फोटोत ते पोलिसांनी धरून आणल्यासारखे दिसत होते.

"हे ने संगं," ते म्हणाले. "याच्यावर एक जण पास झाला हाय."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. तीस वर्षं ज्या गोष्टीसाठी या माणसाने अख्ख्या तालुक्याला शिव्या घातल्या, तीच गोष्ट ते करत होते. ते त्यांनाही कळत होतं, कारण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"हासू नको," ते म्हणाले. "कलाबाईले सांगू नको."

मला हसू आलं नाही. मला रडू आलं, आणि मी ते तिथेच रडून घेतलं.

परीक्षेच्या खोलीत सुटा कागद नेऊ देत नाहीत. हॉल तिकीट चार तास बाहेर माझ्या बॅगेत पडून राहिलं. मला एक्क्याऐंशी मिळाले. पेढे घेऊन गेले तेव्हा त्यांनी आधी पेढा खाल्ला नाही, आधी तो कागद मागितला. मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, 'नानाजी, दुसऱ्या खेपेस, बरे.' त्याच्याखाली 'दिव्या, धानोरा, दुसऱ्या खेपेस, बरे.' लाल शाईने. मग कागद मलाच देऊन टाकला.

आता मी नागपुरात काम करते. दिवसाला शेकडो कागद समोरून जातात, पण त्यांतल्या कोणाचं गाव मला ठाऊक नसतं. काम चांगलं आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण सोमवार आला की कागदाला धुराचा वास यावा असं वाटतं, आणि पायरीवर बसलेली ती दोन म्हातारी माणसं आठवतात. कलाबाई मागच्या वर्षी गेली. तिचा कागद नानाजीभाऊंनी अजून टाकलेला नाही.

परवा त्यांचा फोन आला. त्यांची दोन वर्षं येत्या उन्हाळ्यात संपतात. हाताखाली बुधरी नावाची मुलगी आहे, कलाबाईच्याच गावची. ती पहिल्या खेपेस नापास झाली. येत्या रविवारी पुन्हा बसते आहे, आणि या वेळीही नाही झाली तर कागद कंपनीच्या गाडीत चढतील.

"तो कागद पाठवून दे, दिव्या."

माझं मन होईना. एवढे दिवस तो माझ्या पाकिटात होता. मी म्हटलं, "भाऊ, झेरॉक्स पाठवतो ना. चांगली रंगीत काढतो."



"झेरॉक्सनं कोणी पास झालं काय अजून?" नानाजीभाऊ म्हणाले.

मी पाकिटातून तो काढला. घडीवर फाटत आला होता, तिथे मागून चिकटपट्टी लावली. आमच्या दोघांच्या नावांखाली मी तिसरं लिहिलं, 'बुधरी, दुसऱ्या खेपेस', आणि पुढची जागा मोकळी सोडली. तो शब्द त्यांनीच लिहायचा असतो.