कबरीवरचं पाणी

पत्नी गेल्यानंतरचे पहिले दोन महिने माझी प्रार्थना ओठांपुरतीच उरली होती. साताऱ्याच्या आमच्या लहानशा देवळात मी नेमाने जाई, गुडघे टेकी, आणि वेदीपाशी फादर दिसले की मन मिटून जाई. त्यांच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या सगुणाबाई या विधवा बाईंवर त्यांनी हात टाकला होता. बाई बोलल्या, तेव्हा चोरीचा आळ घालून त्यांना कामावरून काढलं. बिशपांकडून निरोप आला, देवळाची बदनामी नको, सर्वांनी मौन पाळावं.

आम्ही चौघांनी बिशपांकडे अर्ज करायचं ठरवलं. मी शाळामास्तर, म्हणून मसुदा माझ्याकडे आला. तीनदा लिहिला. 'काही अनुचित प्रकार', 'एका भगिनीची नाराजी' असे शब्द शोधून शोधून घातले. मिसर देशातल्या, म्हणजे इजिप्तच्या लढाईवरून परतलेले पीटर हवालदार ऐकून म्हणाले, "मास्तर, तुमची भाषा लय ग्वाड. बिशपसायबांना वाटंल, लग्नाची पत्रिकाच आली."

सगळे हसले. मीही हसलो, पण हात का आखडतोय ते मला ठाऊक होतं. नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, फादर प्रत्येक कबरीवर पवित्र पाणी शिंपडतात. रोझाने, माझ्या पत्नीने, शेवटच्या आजारात, आपल्या कबरीवर ते पाणी पडेल, एवढंच वचन मागितलं होतं. आणि अर्जाची कुणकुण लागताच देवळाच्या दारात फादर मला हसत म्हणाले होते, "सही करणाऱ्यांच्या घरच्या कबरींकडे मी फिरकणार नाही, मास्तर."

आदल्या संध्याकाळी अर्ज खिशात घालून मी रोझाच्या कबरीपाशी बसलो. माझी सही व्हायची होती. काय करू, असं तिला विचारलं. तेवढ्यात फाटक वाजलं. सगुणाबाई होत्या. मी गडबडून उभा राहिलो.

"आवं मास्तर, बसा की." पदराखालून त्यांनी औषधाची छोटी बाटली काढली. "माझी लेक तापानं फणफणली हुती, तवा रोझाबाईंनी हे ईस्टरचं पवित्र पाणी दिलं हुतं. अर्धं उरलंय. उद्या हितं कोण शिंपडंल न शिंपडंल, म्हणून आणलं."

त्यांनी मातीवर क्रूस करत पाणी शिंपडलं. आम्ही दोघांनी मिळून प्रार्थना म्हटली. मग मी त्यांना अर्ज वाचून दाखवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"ह्यात मी कुठं हाय?" त्यांनी विचारलं. "नाव लिवा माझं. चोर म्हणताना घेतलंच की त्यांनी."

कबरीच्या दगडावर कागद उलटा ठेवून, त्यांना विचारत विचारत, घडलं ते साध्या शब्दांत लिहिलं आणि खाली सही केली. सकाळी उरलेल्या तिघांनीही सह्या केल्या. त्या दिवशी फादर आमच्या माणसांच्या कबरी वगळून पुढे गेले. मला राग आला नाही. रोझाची माती कालच भिजली होती.

आता ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला आहे. फादरांची दुसऱ्या गावी बदली झाली. सगुणाबाईंवरचा आळ मात्र अजून कुणी लेखी मागे घेतलेला नाही, आणि फादरांच्या नव्या गावालाही कुणी सावध केलेलं नाही. त्यासाठी दुसरा अर्ज लिहितो आहे.

त्या संध्याकाळी प्रभू आला होता, असं मी मानतो. मी फादरांच्या हाताची वाट पाहत होतो, आणि जिला आम्ही काही विचारलंदेखील नव्हतं, तिच्या हाती त्याने पाणी पाठवलं. त्याला शरण जायचं म्हणजे गप्प राहायचं, असं मी इतकी वर्षं समजत आलो. त्या दिवशी सही करताना मात्र पहिल्यांदा वाटलं, आता पुढचं त्याच्यावर सोपवलं.

रिकामी बाटली सगुणाबाई त्या संध्याकाळी माझ्यापाशीच ठेवून गेल्या; ती धुऊन फळीवर ठेवली आहे. ईस्टरला भरून घेतली की आधी सगुणाबाईंच्या घरी नेईन.