आधीच मानलेले आभार

पनवेलच्या मामलेदार कचेरीत परवाने देणारे एक कारकून होते; ते रोज बाजारात भेटत, पण कचेरीत कुणाला ओळखत नसत. चष्मा कपाळावर चढवून ते प्रत्येक अर्ज शेवटच्या ओळीपासून वाचत.

रेशनिंगचे दिवस होते; परवान्याशिवाय लग्नाला साखर मिळत नसे. माझ्या मुलीच्या लग्नाला चार दिवस होते आणि साखरेचा परवाना मिळाला नव्हता. मी अर्ज अर्थातच इंग्रजीत केला. मराठीत मागितलेली साखर मला कमी गोड लागली असती. शेवटी झोकात लिहिलं, ‘थँकिंग यू इन अँटिसिपेशन.’

“मास्तर, आभार मानून झाले? मग आमचं काम संपलं,” म्हणत त्यांनी अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी सारला.

माझ्यामागे खाडीकडच्या गावची एक म्हातारी होती. “लेकाच्या लग्नाची साकर दे. त्याबिगर मी उठाची नाय,” म्हणत तिने जमिनीवर बैठक मारली. तिला तासाभरात परवाना मिळाला.

दुसऱ्या दिवशी मीही धोतर सावरून तिथेच जमिनीवर बसलो. कारकुनांनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढून पाहिलं, तळातला अर्ज ओढला आणि परवाना हातात ठेवला.

मी थेट दुकान गाठलं. लग्न झालं, जिलब्या संपल्या. कारकुनांचे आभार मात्र राहूनच गेले. काम झाल्यावर ते मानायची मला सवयच नव्हती.