अर्धा सोडलेला धवला

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, नाटकाच्या ग्रुपमध्येही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही हिरामावशीला ओळखत नाही. ओळखत असता, तर इथेही मी गप्प बसलो असतो.

हिरामावशी माझ्या आईची चुलत बहीण, बदलापूर गावातली धवलारीण. आमच्या आगरी लग्नात धवलारणीला मोठा मान. हळद असो की मांडव, त्या त्या विधीचं गाणं तीच म्हणणार. त्या गाण्याला धवला म्हणतात. मावशीला किती धवले येतात, हे तिलाही ठाऊक नसावं. अक्षरओळख नाही, सगळं पाठ. आणि तिच्या आईने तिला एक शिस्त घालून दिलेली — तोंडी घेतलेला धवला अर्धा सोडायचा नाही. देवांची नावं, दोन्ही घरच्या माणसांची नावं आणि शेवटी नवरीचं नाव घेतल्याशिवाय थांबायचं नाही. मग पंगत खोळंबो की फोटोवाला कटकट करो.

सहा वर्षांपूर्वी अंबरनाथला नाट्यमहोत्सव ठरला. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या हौशी मंडळींसाठी. नाटक नवं हवं आणि आपल्या भागातल्या चालीरीतींवर हवं. मी केमिकल कंपनीत सुपरवायझर. वीस वर्षं दुसऱ्यांच्या नाटकांत हवालदार आणि नोकर झालेला माणूस. वाटलं, आता आपली पाळी. मी आगरी लग्नावर एकांकिका लिहिली आणि तिच्यात धवलारीण म्हणून मावशीलाच घेतलं.

तालमी उल्हासनगरात, एका फर्निचरच्या दुकानावरच्या रिकाम्या हॉलमध्ये. पहिल्या दिवशी मावशी सगळ्यांसाठी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट घेऊन आली. ती गायला लागली तेव्हा खालचे सुतार रंधा टाकून जिन्यात येऊन उभे राहिले. दुकानाचे सिंधी मालकही वर आले. "साईं, इनको माइक की जरूरत नहीं," म्हणाले.

मग अडचण काय होती? घड्याळ. एकांकिकेला पन्नास मिनिटं, वर गेलं की गुण कापणार. मावशीचा धवला बारा मिनिटांचा आणि मला हवी होती दोन. "दोन कडव्यांवर थांब" असं तिला सांगायला माझी जीभ रेटेना. मी त्याच घरातला, मला तिची शिस्त माहीत. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मग मला नको घेऊस. कदाचित रागावलीही नसती. एवढंच तर होतं — मग का नाही सांगितलं? मला वाईट ठरायचं नव्हतं. बक्षीसही हवं होतं आणि तिचा आशीर्वादही.

इथवरचं मी पुष्कळांना ऐकवलंय, हसत हसत, घड्याळाचा किस्सा म्हणून. पुढचं आज पहिल्यांदा.

मी तिच्या घरी गेलो. तिने चहा टाकला. मी म्हणालो — मावशी, महोत्सवाच्या लोकांना तुझं रेकॉर्डिंग ऐकवलं. ते म्हणतात, आवाज गेलाय. वरच्या सुरात फाटतो.

कोणी काही ऐकलं नव्हतं. कसलं रेकॉर्डिंग? तालमीत मी फोन खिशातून बाहेरही काढला नव्हता. ते वाक्य मी रिक्षात बसून तयार केलं होतं, नाटकातला संवाद लिहावा तसं. "फाटतो" हा शब्द तर मुद्दाम निवडला — तो ऐकला की ती पुढे काही विचारणार नाही म्हणून.

तिच्या हातात गाळणी होती. तिने माझा चहा गाळला. मग म्हणाली, "बरा केलास, सांगलास. मांडवात कोन सांगनार हाय मना?" आणि माझ्या कपात एक चमचा साखर जास्त घातली, मला आवडते म्हणून.

सुंठीवाचून खोकला गेला, असं मला तेव्हा वाटलं. खरंच वाटलं. हे सांगताना लाज वाटते, पण त्या संध्याकाळी मी मजेत घरी आलो.

धवला मग गाणं शिकलेल्या एका मुलीने म्हटला — दोन कडवी, चोख. प्रयोगाला मी मावशीला बोलावलं नव्हतं. ती शेजारणींबरोबर आपली आपण आली, ठेवणीतलं लुगडं नेसून. मी विंगेत उभा होतो. मुलगी दोन कडव्यांवर थांबली, प्रकाश बदलला, आणि प्रेक्षकांतल्या अंधारातून पुढचं कडवं ऐकू आलं. अगदी हळू. अर्धा राहिलेला धवला मावशी पुरा करत होती. कोणीतरी "शूऽ" केलं, तशी ती गप्प झाली. पण तेवढ्यात मी ऐकलं होतं. आवाज कुठेही फाटत नव्हता.

आम्हाला संगीताचं बक्षीस मिळालं. परीक्षक म्हणाले, मातीतला आवाज. मावशी आत आली, माझ्या तोंडावरून हात फिरवला. "पोर बरी म्हनते. पन आर्धा सोरला तिना," एवढंच बोलली. तेव्हा सांगता आलं नसतं का? विंगेत आम्ही दोघंच होतो. पण माझ्या हातात ट्रॉफी होती.

त्यानंतर मावशी एकाही लग्नात गायली नाही. बायका बोलवायला यायच्या, ती हात जोडायची. तुझा आवाज चांगला आहे गं, असं कोणी म्हटलं तर म्हणायची, तुम्ही घरची माणसं, मला बरं वाटावं म्हणून बोलता. जाणत्या लोकांनी सांगितलंय. ते जाणते लोक म्हणजे मी — रिक्षात बसलेला.

गेल्या वर्षी माझ्या मुलीचं लग्न झालं. हळदीला बायका मावशीच्या मागे लागल्या — घरचं कार्य आहे, आता तरी म्हण. मुलगी स्वतः तिच्या पायाशी जाऊन बसली. मावशी म्हणाली, "माजा आवाज गेलाय, बाय. तुजे बापसाला इचार, त्याला ठाव हाय."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मुलीनेही. हळदीचं ताट माझ्या हातात होतं. एक वाक्य पुरलं असतं — तसलीच वाक्यं तर मी लिहितो.

मी मान हलवली. हो, अशी.

मग माझ्या भाचीने फोन स्पीकरला जोडून आमच्या नाटकातला धवला लावला. कौतुकाने लावला, मामाचं नाटक म्हणून. दोन कडवी झाली आणि थांबला. पाठोपाठ नाचाचं गाणं सुरू झालं, पोरीबाळी उठल्या. मावशी मुलीच्या गालाला हळद लावत होती आणि तिचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. ती कितीतरी वेळ तशीच म्हणत राहिली. शेवटचं नाव माझ्या मुलीचं होतं, ते मला तिच्या ओठांवर वाचता आलं.

मी ताट खाली ठेवलं आणि पाहुण्यांना पाणी मिळालं का, ते बघायला बाहेर गेलो.