पापलेटावर डकवलेलं पत्रक

मैद्याच्या खळीचा आंबूस वास आला की मला नाहूरचा मासळीबाजार आठवतो. बाजार हटवायचं घाटत होतं. मी चळवळीतल्या घरात लहानपणापासून पत्रकांवर वाढलेली, म्हणून दोन्ही बाजूंनी गच्च भरलेलं पत्रक लिहिलं. अंधेरीत साबणाची वेष्टनं सजवणाऱ्या माझ्या मैत्रिणीने फक्त डोळा वटारलेलं एक पापलेट काढलं आणि खाली लिहिलं, ‘इथनं हलणार नाय.’ कोळणींनी ते पोस्टर हौसेने आपापल्या पाटामागच्या भिंतीवर लावून घेतलं. माझं पत्रक कोणी वाचेना. “मस्त लिहिलंयस गं, पण लांब आहे ना,” मैत्रीण म्हणाली, आणि माझं डोकं फिरलं. दुपारी सगळ्या जेवायला गेल्यावर मी भिंतीवरच्या एका पापलेटावर माझं पत्रक खळीने चिकटवलं. परतलेली म्हातारी कोळीण कडाडली, “माझ्या पापलेटावर कागद कोनी डकवला गो?” आणि तिने ओल्या खळीवरून माझं पत्रक अख्खं सोलून काढलं. मैत्रिणीने खळीने माखलेल्या माझ्या बोटांकडे पाहिलं आणि ओलं फडकं पुढे केलं. बाजार आजही तिथेच आहे. तो कसा वाचला हे मी सभांमधून आवेशाने सांगते, पण पापलेटाचा उल्लेख अजून एकदाही केलेला नाही.