रघूनं न पाहिलेली मालिका

रघू गेल्याची बातमी पापनाशमहून आली. कालव्याच्या कचेरीतल्या जुन्या सोबत्याकडे लग्न होतं, तिकडे तो सकाळच्या बसनं गेला होता. जेवला, विडा खाल्ला, परतीच्या बसची वाट बघत बाकावर बसला आणि तिथंच मान टाकली. सोबती स्वतः मोपेडवरून सांगायला आला तेव्हा मी अंगणात डांगरासाठी उडदाचं पीठ चाळत होते. मी पहिल्यांदा विचारलं, जेवला होता का? पोटभर, असं तो म्हणाला. मग मी चाळणी खाली ठेवली.

रघुनाथराव माझा धाकटा भाऊ. मी चौथीपर्यंत शिकले, तीही तमिळ शाळेत. ही मराठी अक्षरं अण्णांच्या पदांच्या वह्यांवरून गिरवली. अण्णा, म्हणजे आमचे वडील, हरिदास होते. तिरुवैयारूपासून कावेरीकाठच्या गावागावांत ते उभे राहून कथा करत. पदं मराठीत, निरूपण तमिळमध्ये. मी लवकर विधवा होऊन माहेरी आले. रघूची बायको मुलगी रांगत असतानाच गेली. ती मुलगी, इंदू, माझ्याच हाताखाली वाढली. एवढंच आमचं घर.

इंदू कॉलेजात होती तेव्हा आमच्या गल्लीत केबल आली. लोक सिनेमा बघत. हे बापलेक एक इंग्रजी मालिका बघत. आभाळातून फिरणारं मोठं जहाज, त्याचा कप्तान, त्याची माणसं, रोज नवा ग्रह. मूळ देशात ती केव्हाच जुनी झाली होती, आमच्याकडे ताजी होती. मला इंग्रजी येत नाही. इंदू मधेमधे मराठीत सांगायची आणि रघू तिला गप्प करायचा, कारण त्याला प्रत्येक शब्द ऐकायचा असे. जहाजाची वेळ झाली की या घरात कापी, म्हणजे कॉफीसुद्धा, कुणी मागायचं नाही.

त्या मालिकेला पुढं फांद्या फुटल्या. मूळ कथेतलं एखादं माणूस उचलायचं आणि त्याच्यावर वेगळं पुस्तक लिहायचं, वेगळी मालिका काढायची. रघू कामानं मद्रासला गेला की फूटपाथवरून तसली जुनी पुस्तकं घेऊन यायचा. वाचायचा आणि चिडायचा. चिडण्यासाठीच आणतो, असं मी म्हणायचे. कप्तानाच्या लहानपणाची पुस्तकं त्याला मुळीच चालत नसत. पोरगं पुढं कप्तान होणार हे ठाऊक आहे, मग ते विहिरीत पडलं तरी भीती कसली, असं त्याचं म्हणणं. एकानं जहाजाच्या वैऱ्याची कथा लिहिली होती, की त्याला लहानपणी फार मार बसला म्हणून तो असा झाला. रघू म्हणाला, या हिशेबानं रावणालाही कुणी छडी मारली असेल. एकच पुस्तक त्याला आवडलं. एका ग्रहावरचे शेतकरी, त्यांचं पाण्याचं भांडण. जहाज नुसतं डोक्यावरून निघून जातं. कालव्यावर नोकरी करणाऱ्याला ते आवडणारच.

पण त्याचा खरा नियम वेगळा होता आणि तो अण्णांच्या कथेतला होता. हरिदास मूळ पद सोडून उपकथेत शिरतो, लोकांना हसवतो, रडवतो, पण शेवटी मूळ पदावर परत येतो. न येईल तो हरिदास कच्चा. आभाळातल्या जहाजाला त्यानं हाच नियम लावला. फांदीवरच्या माणसानं शेवटी जहाजावर परत यायला हवं, नाहीतर ती कथा अनाथ. मी त्याला एकदा सांगितलं, की तिरुवैयारूला एकदा अण्णा सुदाम्याच्या बायकोची कथा सांगता सांगता परत आलेच नव्हते, तिथूनच त्यांनी आरती धरली. लोक उठायला तयार नव्हते. तू माझ्या मांडीवर झोपला होतास. रघू म्हणाला, अण्णा थकले असतील.

इंदू कॉम्प्युटर शिकून बेंगळूरला गेली आणि तिथून अमेरिकेला. त्या वर्षांत सगळ्यांचीच पोरं जात होती. दर रविवारी तिचा फोन यायचा. माझ्याशी दोन वाक्यं, मग रघूकडे. तास तास त्यांचं जहाज चालायचं. बापाला मुलीची आठवण येते असं तो कधी म्हणाला नाही, मुलीनंही म्हटलं नाही. कप्तानानं त्या भागात चूक केली की नाही, यावर भांडायचे. ती भांडणं हेच त्यांचं ‘कशी आहेस’ आणि ‘बरं आहे’.

मग तिकडे नवी मालिका निघाली. जहाजाची यंत्रं दुरुस्त करणारी एक बाई होती, ती जहाज सोडते आणि दूरच्या एका लहानशा ठाण्यावर आपलं बस्तान मांडते. इंदूला ती फार आवडली. रघूनं न बघताच निकाल दिला. मुख्य कथेत जिला बोलायला चार वाक्यं मिळत नव्हती तिच्यावर मालिका कसली, म्हणाला. इंदू म्हणाली, आधी बघा, मग बोला. त्याच सुमारास तिला तिथं कायमची नोकरी मिळाली. त्या रविवारी मी शेजारीच बसले होते. रिसीव्हरमधून तिचा आवाज मला ऐकू येत होता.

रघू म्हणाला, “उपकथा फार लांबली इंदू. आता मूळ पदावर यायचं.”

“अप्पा, तुम्ही मालिकेचं बोलताय की माझं?”

“दोन्ही एकच.”

“मग नाही येत,” ती म्हणाली. “ती बाई तिथं सुखात आहे. तुम्ही बघत का नाही?”

रघूनं फोन माझ्या हातात दिला.

फोन पुढंही येत राहिले. पण आता पाऊस पडला का, गुडघा कसा आहे, तांदूळ कुठला घेतला. दोन मिनिटांत संपायचं. वर्षभरानं ती मालिका आमच्या केबलवरही आली. मी म्हटलं, बघ की रे, मुलीला बोलायला काहीतरी होईल. त्यानं ऐकलं नाही. मालिकेची वेळ झाली की तो उठून तिण्णैवर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, जाऊन बसायचा. रस्त्याकडे तोंड, डोकं भिंतीला टेकलेलं. तेल लावून बसायचा म्हणून भिंतीवर काळा डाग पडला. त्यावरून मी ओरडायचे.

इंदू आली तोवर सगळं उरकलं होतं. तेरावं झाल्यावर एका संध्याकाळी ती मालिका लागली आणि आम्ही दोघी बघत बसलो. ती मला मराठीत सांगत होती, थांबवणारं कुणी नव्हतं. त्या भागात ती बाई जहाजावर परत येते. सगळे तिला भेटतात, तिचं जुनं यंत्र कुणी नीट ठेवलेलं नसतं म्हणून ती रागावते, पंगतीला बसून जेवते आणि पुन्हा आपल्या ठाण्यावर निघून जाते.

“हा भाग अप्पांनी बघावा म्हणून मागे लागले होते,” इंदू म्हणाली. “मला भांडायचं होतं.”

हा भाग रघूला आवडला नसता. जेवायला आली त्याला येणं म्हणत नाहीत, असं त्यानं ऐकवलं असतं. तिनं उलट सुनावलं असतं. महिनाभर पुरलं असतं ते भांडण... त्यानं स्वतःच्या हातानं घालवलं. मेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत म्हणतात. मी ठेवते.

परत गेल्यावर इंदूनं फोन केला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली, मग विचारलं, “आत्या, अप्पा बसायचे तिथून, तिण्णैवरून, टीव्ही दिसतो का गं?”

थांब म्हणाले. रिसीव्हर बाजूला ठेवला, बाहेर जाऊन रघूच्या जागी बसले, त्या डागाला डोकं टेकलं. तिथून समोरच्यांचा नारळ दिसतो आणि रस्ता. खिडकी पाठीमागे राहते. टीव्हीचा आवाजही येत नाही, कुंभकोणमच्या बस सारख्या जात असतात. मान वळवून पाहिली, तरी नाही. उठून आत आले.

“नाही दिसत,” मी सांगितलं.

ती हळूच म्हणाली, “सरि, आत्या. बरं.”

भिंत मी पुसलेली नाही. पोंगलच्या आधी घराला चुना लावतात, तेव्हा डाग जाईल.