लाली मोजत नाहीत

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. पोराला नाही, देवाला तर नाहीच — त्याला दिसत होतं आणि तो गप्प बसला, म्हणजे तोही माझ्यासारखाच. तुम्हाला सांगते, कारण माझ्या टोपलीतला मासा तुम्हाला घ्यायचा नाही.

माझ्या लहानग्या नातीला टीबी निघाला. लेकराला तो बहुतेक घरातल्याच मोठ्या माणसाकडून लागतो, असं नर्सबाई म्हणाली. मग आमची सगळ्यांची तपासणी. हाताच्या आतल्या बाजूला कातडीत बारीक सुई, थेंबभर औषध, वर डास चावल्यासारखा फुगवटा. खाजवू नका, हळद लावू नका, तिसऱ्या दिवशी दाखवायला या.

सून रंजनानं खाजवलं. हात लालबुंद. तळ्याच्या पाळीवर धुणं धुताना बायांनी तो पाहिला आणि झालं — निकाल लागला! आमच्या गावाला डॉक्टर लागतो कशाला?

नर्सबाईनं लालीकडे पाहिलंच नाही. बोट फिरवून चाचपलं आणि कडक गाठ तेवढी पट्टीनं मोजली. रंजनाला गाठ नव्हती. मला होती — लाली नाही, दुखणं नाही, कातडीखाली चिंचोक्यासारखी टणक.

"आजी, गाठ आली म्हंजे जंतू अंगात शिरले एवढंच. रोग हाये का नाही, थे थुंकीत समजन."

थुंकीत समजलं. नात माझ्या कुशीत झोपायची. आणखी काय सांगू?

घरी सांगते, असं मी नर्सबाईला कबूल केलं. सांगितलं का? खोकणाऱ्या बाईकडून मासे कोण घेतो? — हे काही कारण नव्हे. बाजार सोडता आला असता.

रंजना बायांपुढे म्हणाली, "आत्याबाई, मले काही नाही निघालं. गाठच नाही आली म्हणे नर्सबाई."

"मंग हा हात काय मेंदी लावून लाल केला?" मी म्हणाले.

बाया हसल्या. कशा हसल्या! त्यांना अक्कल नव्हती, मला लाज नव्हती. आणि माझा पोरगा — आई हाकलेल तिकडे जाणारा बैल — बायकोला माहेरी सोडून आला. नात ठेवली माझ्याजवळ. जिनं रोग दिला तिच्याजवळ! नातीच्या गोळ्या मी उघड्यावर द्यायचे, माझ्या धानाच्या कोठीमागे गिळायचे.

"माय कवा येते?" पोरगी विचारायची.

"बरी झाली का येते," मी म्हणायचे. हे तोंड कसं उघडत होतं, कोण जाणे.

माझा कोर्स संपला, थुंकी साफ निघाली. मग मीच गावभर सांगितलं — रंजना बरी झाली, आता आणा तिला.

ती आली. आपल्याला कधी काहीच नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी लेकराला उचलण्याआधी, त्याच बायांसमोर, ती वाकून माझ्या पाया पडली.

मी पाय मागे घेतले नाहीत.